हाताची घडी, तोंडावर बोट आणि न उघडलेली छत्री



आज एका प्रयोगापासून सुरुवात करते. स्वीडनमधल्या लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. प्रयोग अगदी साधा होता. माणसाने घोडा घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं. काही जण लगाम धरून चालत होते, काही जण घोड्यावर बसले होते. अशा चार फेऱ्या. माणसाच्या आणि घोड्याच्या, दोघांच्याही हृदयाचे ठोके मोजले जात होते. चौथ्या फेरीच्या आधी माणसाला सांगितलं, की या वेळी तुम्ही तिथून जाताना एक छत्री फटकन उघडली जाईल.

छत्री उघडलीच नाही. चौथी फेरी आधीच्या तीन फेऱ्यांसारखीच पार पडली. तरीही माणसाचे ठोके वाढले. आणि घोड्याचेही वाढले! घोड्याला तर छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला जे कळलं ते माणसाच्या शरीरातून कळलं.

आता आपल्या शाळेतला एक दिवस आठवा. "उद्या साहेब शाळा भेटीला येणार आहेत," असा निरोप आलेला आहे. आपण सकाळपासून रजिस्टरं नीट लावतोय, फळा दोनदा पुसतोय, आवाज नेहमीपेक्षा चढलेला आहे. साहेब अजून फाट्यावरही पोचलेले नसतात. पण वर्गातली मुलं आधीच गप्प झालेली असतात. काल धडाधडा उत्तरं देणारं मूल आज खाली बघतं. मुलांना आपण घाबरवलेलं नसतं. आपली छत्री मात्र त्यांना दिसलेली असते.

घोड्याशी माझा संबंध माथेरानच्या सहलीपुरताच. पण घाबरलेल्या घोडेस्वारांना शांत करण्यासाठी परदेशात हालचालींवर आधारलेल्या काही पद्धती शिकवल्या जातात, त्याबद्दल गेल्या वर्षभरात बरंच वाचलं. वाचताना सारखं वाटत राहिलं, की हे घोड्यावर बसणाऱ्यांपेक्षा वर्गात उभं राहणाऱ्यांना जास्त उपयोगी आहे. म्हणून हा लेख.

घोड्यावर भीती कशी चढते?

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याची कातडी इतकी संवेदनशील असते, की अंगावर माशी बसली तर तेवढाच भाग थरथरवून तो ती उडवतो. अशा प्राण्याच्या पाठीवर माणूस बसतो तेव्हा माणसाच्या मांड्या, पाठ, हात, श्वास हे सगळं त्याला जाणवत असतं.

घाबरलेला माणूस काय करतो? गुडघे आवळतो. खांदे कानाकडे जातात. श्वास अडकतो. शरीर पुढे झुकून गोळा होतं आणि हात लगाम ओढतात. आता घोड्याच्या बाजूने बघा. पाय आवळले याचा अर्थ त्याच्या शिकवणीत 'पुढे चल'. लगाम ओढला याचा अर्थ 'थांब'. एकाच वेळी दोन उलट्या आज्ञा! मग घोडा बुजतो, मान उडवतो. त्यामुळे स्वार आणखी आवळतो. भीती दोघांमध्ये फिरत राहते आणि वाढत जाते.

मराठीत आपण 'पक्की मांड' म्हणतो. पण पक्की मांड म्हणजे आवळलेली मांड नव्हे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे डेन्मार्कच्या लिस हार्टेल. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 'ड्रेसाज' या प्रकारात, म्हणजे घोड्याकडून अतिशय बारीक इशाऱ्यांवर चाली करून घेण्याच्या स्पर्धेत, त्यांनी रौप्यपदक मिळवलं. या प्रकारात स्त्रियांना भाग घेता आला तो त्याच वर्षी पहिल्यांदा. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्य मिळवलं. ज्या बाईंना पायांनी आवळणं शक्यच नव्हतं, त्यांनी तोल आणि बैठक यांच्या जोरावर घोडा चालवला. घोड्याशी बोलायला जोर लागत नाही, हे यावरून कळतं.

"घाबरू नकोस" का चालत नाही?

घाबरलेल्या स्वाराला खालून ओरडून सांगितलं, "सैल बस, घाबरू नकोस!" तर तो सैल बसतो का? नाही. आपणही मुलाला हेच सांगतो. प्रकट वाचनाला उभं राहिलेलं मूल, ज्याला घरी तोच उतारा घडाघडा वाचता येतो, ते इथे पहिल्याच शब्दावर अडखळतं. आपण म्हणतो, "अरे घाबरतोस काय, वाच की!" ते आणखी अडखळतं.

कारण विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. आपल्या शरीरात स्वायत्त चेतासंस्था असते. तिचा अनुकंपी भाग संकटाच्या वेळी कामाला लागतो. हृदय जोरात धडधडतं, तोंड कोरडं पडतं, पचन मंदावतं. परानुकंपी भाग उलट काम करतो, शरीराला विसाव्याकडे आणतो. या दोन्ही भागांवर आपला हुकूम चालत नाही. "हृदया, हळू चाल," असं म्हणून ते हळू चालत नाही.

पण या घराला दोन दारं अशी आहेत, जी आपल्याला बाहेरून उघडता येतात. एक श्वास आणि दुसरं स्नायू. श्वास आपोआप चालतो, पण मनात आणलं तर आपण तो बदलूही शकतो. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित भरभर पडतात आणि सोडतो तेव्हा किंचित सावकाश. पाचवीच्या पुढच्या मुलांना मनगटावर बोटं ठेवून, अगदी सावकाश श्वास घेत-सोडत, हे स्वतः शोधायला सांगा. बऱ्याच मुलांना सापडतं. श्वास सोडण्याचा वेळ वाढवला की शरीर विसाव्याकडे झुकायला लागतं ते यामुळेच.

दुसरं दार स्नायूंचं. ते कसं उघडायचं, यावर एका माणसाने आयुष्यभर काम केलं.

पडण्याची भीती आणि फेल्डेनक्राइस

मोशे फेल्डेनक्राइस यांचा जन्म १९०४ सालचा, आजच्या युक्रेनमधला. किशोरवयात ते पॅलेस्टाइनला गेले, पुढे पॅरिसमध्ये अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र शिकले, फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. १९३३ साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची भेट झाली आणि ते ज्युदोत रमले. ज्युदोमध्ये पाडायला शिकवण्याआधी पडायला शिकवतात, हे लक्षात ठेवा.

त्यांचा गुडघा जुन्या दुखापतीने त्रास द्यायला लागला. शस्त्रक्रियेने तो बरा होईलच अशी खात्री डॉक्टरांना देता येईना. मग या इंजिनिअर माणसाने स्वतःच्या चालण्याचाच अभ्यास सुरू केला. कुठे जास्त जोर लावतो, कुठे श्वास रोखतो, कुठला स्नायू विनाकारण ओढून धरतो. यातून त्यांची पद्धत तयार झाली.

१९४९ साली त्यांचं 'बॉडी अँड मॅच्युअर बिहेविअर' हे पुस्तक आलं. त्यातला मुद्दा असा : पडण्याची भीती माणसाला जन्मतःच असते. नवजात बाळाचं डोकं एकदम खाली गेलं तर ते दचकतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दचकण्यात श्वास अडकतो आणि शरीर गोळा होतं. पुढे आयुष्यात कुठलीही काळजी आली, मग ती परीक्षेची असो की अपमानाची, शरीर हाच जुना साचा वापरतं. म्हणून त्यांचं म्हणणं होतं, की हा साचा स्नायूंमध्ये मोडला तर काळजीला शरीरात उभं राहायला जागा उरत नाही.

यासाठी त्यांनी अगदी छोट्या, सावकाश हालचाली बसवल्या. जोर नाही, ताण नाही, 'किती वाकतोस बघू' अशी स्पर्धा नाही. हालचाल करताना काय जाणवतं, एवढंच बघायचं. सावकाश का? याचं कारण मी आपल्या भाषेत सांगते. मुलाच्या पाठीवर भरलेलं दप्तर आहे आणि त्यात कुणी हळूच एक पेन्सिल टाकली, तर त्याला कळेल का? नाही. पण तळहातावर नुसता कागद असेल आणि त्यावर पेन्सिल ठेवली, तर लगेच कळेल. शरीराचंही तसंच. जोर जितका जास्त, तितका बारीक फरक कमी जाणवतो. आणि फरक जाणवलाच नाही तर मेंदू शिकणार काय?

मला तर हे वाक्य प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहावंसं वाटतं : जोर वाढला की शिकणं कमी होतं.

हे घोड्यांपर्यंत कसं पोचलं?

घोड्यांसोबत वाढलेल्या लिंडा टेलिंग्टन-जोन्स या प्रशिक्षक बाई १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फेल्डेनक्राइस यांच्या प्रशिक्षण वर्गात गेल्या. तिथे त्यांच्या मनात आलं, की सवयीबाहेरच्या हळुवार हालचालींनी माणसाचा मेंदू नवं शिकतो, तर घोड्याचा का शिकणार नाही? त्यांनी घोड्याच्या अंगावर बोटांनी छोटी-छोटी वर्तुळं काढण्याची पद्धत बसवली. जमिनीवर काठ्या मांडून त्यामधून घोड्याला अगदी सावकाश, एकेक पाऊल मोजत चालवण्याचे पाठ तयार केले. चाबूक आणि दांडगाई यांना दुसरा पर्याय असू शकतो, हे त्यांनी अनेकांना दाखवलं.

दुसऱ्या बाई सॅली स्विफ्ट, अमेरिकेतल्या. लहानपणापासून त्यांच्या पाठीचा कणा वाकडा होता. त्यामुळे शरीर जोराने नव्हे, तर जाणिवेने कसं सावरायचं, हे त्या लहानपणीच शिकल्या. साठी ओलांडल्यावर, नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घोडेस्वारी शिकवण्याचं काम मनावर घेतलं आणि १९८५ साली 'सेंटर्ड रायडिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यांचे मूळ धडे चारच. नजर मऊ ठेवा. श्वास चालू ठेवा. शरीराचा मध्य, म्हणजे बेंबीखालचा भाग, ओळखा. आणि पाय, कंबर, छाती, डोकं हे एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखे तोलात ठेवा.

'मऊ नजर' म्हणजे काय, हे सायकल शिकवलेल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे. रस्त्यात एकच दगड असतो, मूल त्या दगडाकडे टक लावून बघतं आणि बरोबर त्याच दगडावर जाऊन आदळतं! टक लावली की मान, खांदे, हात सगळं आखडतं. नजर पसरून अख्खा रस्ता बघितला की हात आपोआप वळतात. आणि मागे सीट धरून पळणारे बाबा जर "अरे पडशील, पडशील!" ओरडत असतील, तर छत्री कोण उघडतंय ते वेगळं सांगायला नको.

हाताची घडी, तोंडावर बोट

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते.

आपल्या शाळांमध्ये वर्ग शांत करण्याची एक पिढ्यानपिढ्या चालत आलेली आज्ञा आहे. हाताची घडी, तोंडावर बोट. एका क्षणात वर्ग चिडीचूप होतो. पण त्या क्षणी मुलांच्या शरीराकडे नीट बघा. हात छातीशी आवळलेले, खांदे वर, मान खाली, श्वास धरलेला. घाबरलेल्या घोडेस्वाराचं जे वर्णन वर केलं ते हेच आहे की नाही?

म्हणजे आपण मुलांना शांत करत नाही, गप्प करतो. हे दोन शब्द वेगळे आहेत. गप्प मूल आतून धडधडत असू शकतं. शांत मूल थोडी चुळबुळ करत असू शकतं. तपासणीला आलेल्या माणसाला गप्प वर्ग आवडतो. शिकण्यासाठी शांत वर्ग लागतो.

रडणाऱ्या तान्ह्या बाळाला आपण कधी म्हणतो का, की हाताची घडी घाल? आपण त्याला उचलतो, खांद्यावर घेतो आणि खोलीत फेऱ्या मारतो. पाळण्यात घालून हलवतो. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ साली हे मोजून दाखवलं. आई बाळाला घेऊन नुसती बसली त्यापेक्षा घेऊन चालायला लागली, की बाळाचं रडणं आणि हातपाय झाडणं कमी होतं, हृदयाचे ठोकेही लगेच खाली येतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे मोजण्याची गरज पडली नाही. हालचालीने जीव शांत होतो, हे त्यांना ठाऊक होतं. मग तेच बाळ सहा वर्षांचं होऊन पहिलीत आल्यावर 'शांत हो' म्हणजे 'हलू नकोस' असा अर्थ आपण कुठून काढला?

वर्गात काय करता येईल?

खाली चार गोष्टी देते. साहित्य काहीच लागत नाही. परिपाठानंतर किंवा तोंडी परीक्षेआधी तीन-चार मिनिटं पुरतात.

१. आधी स्वतः. वर्गात शिरण्याआधी दाराशी एक श्वास पूर्ण सोडा. जबडा सैल करा, खांदे खाली येऊ द्या, दोन्ही तळपायांवर वजन जाणवू द्या. वीस सेकंदांचं काम आहे. हे मुलांसाठी नव्हे, आपल्यासाठी. पण पोचतं मुलांपर्यंत.

२. लांब श्वास सोडणं. मुलांना सांगा, समोर गरम चहाची बशी आहे, चहा सांडू न देता हळूहळू फुंकर घाला. 'मोठा श्वास घ्या' असं सांगू नका. मग मुलं छाती फुगवतात आणि खांदे वर नेतात. सोडण्यावरच लक्ष द्या. घेणं आपोआप होतं. कुणाला गरगरल्यासारखं वाटलं तर लगेच थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगा.

३. मान वळवण्याचा खेळ. बसकर पट्टीवर किंवा बाकावर सैल बसायचं. डोकं सावकाश उजवीकडे वळवायचं, सहज जाईल तेवढंच, आणि भिंतीवर कुठपर्यंत दिसलं ती खूण लक्षात ठेवायची. परत मध्ये. आता डोकं उजवीकडे वळवताना डोळे मात्र डावीकडे न्यायचे. सुरुवातीला गंमत वाटते, मुलं हसतात, हसू द्या. असं तीन-चार वेळा सावकाश. मग पुन्हा पहिल्यासारखं साधं वळून बघायचं. बऱ्याच मुलांची नजर आधीच्या खुणेच्या पुढे जाते. जोर न लावता पुढे गेलो, हा अनुभव त्यांना फार आवडतो. कुणाची गेली नाही तरी काही बिघडत नाही. हा खेळ फेल्डेनक्राइस यांच्या धड्यांच्या धर्तीवरचाच आहे.

४. मऊ नजर. फळ्यावर एक ठिपका काढा. आधी त्याच्याकडे टक लावायला सांगा. मग ठिपक्यावरून डोळे न हलवता खिडकी दिसते का, दार दिसतं का, शेजारच्याचा हात दिसतो का, ते विचारा. प्रकट वाचनाच्या आधी उभ्या राहिलेल्या मुलाला हे करायला सांगा. 'सगळे माझ्याकडेच बघतायत' या भावनेतून ते थोडं बाहेर येतं.

एक नियम मात्र पक्का. यात कुणालाही गुण द्यायचे नाहीत. "बघा, कुणाची मान जास्त वळली!" असं म्हटलं की खेळ संपला, जोर सुरू झाला. ज्याला करायचं नाही त्याने नुसतं बघावं. मुलांच्या अंगाला हात लावून त्यांची पाठ, मान 'नीट' करायची नाही. सांगायचं ते शब्दांनी.

काही आक्षेप

पहिला आक्षेप येईल, की आपल्याकडे योग आहे, मग ही परदेशी नावं कशाला? मान्य आहे. नावं नकोत तर नका घेऊ. भ्रामरी करताना लांब हुंकार सोडला की श्वास लांबतो, तो वरचाच दुसरा मुद्दा झाला. माझा मुद्दा नावाचा नाही, पद्धतीचा आहे. योगदिनाच्या दिवशी मैदानावर "पाठ सरळ! हात वर! ए मागचा, हलू नकोस!" असं माइकवरून ओरडत जे होतं, ती कवायत असते. कवायतही हवी. पण तिने जीव शांत होतो, असं समजू नये. तेच आसन सावकाश, श्वासाकडे लक्ष देऊन, शेजाऱ्याशी तुलना न करता केलं, तर आपल्याला इतर कुणाकडे बघायची गरज नाही.

दुसरा आक्षेप, हे सिद्ध झालंय का? प्रामाणिक उत्तर देते. सगळं झालेलं नाही. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१५ साली अशा अनेक पद्धतींचा आढावा घेतला. त्यात फेल्डेनक्राइस पद्धतीच्या परिणामांचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही आणि २०१९ पासून तिथल्या सरकारी मदतीच्या आरोग्य विम्यातून ती वगळली गेली. दुसरीकडे, याच कुळातल्या अलेक्झांडर तंत्रावर ब्रिटनमध्ये ५७९ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जुनाट पाठदुखीच्या रुग्णांचे दुखण्याचे दिवस कमी झाल्याचं दिसलं. पण ती पाठदुखी होती, भीती नव्हे. म्हणून मी याला उपचार म्हणत नाही. कुणी हजारो रुपये घेऊन 'मुलाची चेतासंस्था दुरुस्त करून देतो' म्हणत असेल, तर पालकांनी सावध राहावं. मी सांगतेय ते चार मिनिटांचं, फुकटचं, अपाय नसलेलं वर्गातलं काम आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा. चाळीस मुलं, दोन वर्ग एकत्र, वर ऑनलाइन माहिती भरायची. वेळ कुठे आहे? मी उलट विचारते. घाबरलेल्या मुलाला तोच पाढा पाच वेळा विचारण्यात जो वेळ जातो, तो कुठून येतो?

खोगीर टोचतंय का, तेही बघा

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

घोडा बिथरत असेल तर चांगला प्रशिक्षक आधी शांत करण्याच्या युक्त्या काढत नाही. तो खोगीर उचलून बघतो. पाठीला जखम आहे का, दात दुखतायत का, खूर दुखावलाय का. खोगीर टोचत असताना घोड्याला शांत राहायला शिकवणं म्हणजे त्याचं दुखणं दाबणं.

मुलांचंही असंच आहे. मूल उपाशी येत असेल, घरी मार खात असेल, मधल्या सुट्टीत मोठी मुलं त्याला छळत असतील, किंवा वर्गातल्याच कुणा मोठ्या माणसाची त्याला भीती वाटत असेल, तर फुंकर घालून आणि मान वळवून ती भीती घालवायची नाही. ती भीती खरी आहे. तिथे कारण दूर करायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे, हे आपल्याला पाठ असतं. पण "तुला काहीच येत नाही" हे रोजचं वाक्यही टोचणारं खोगीरच असतं. आणि मूल बोलणंच बंद करत असेल, रात्री झोपत नसेल, शाळेच्या नावाने रोज पोट दुखत असेल, तर पालकांनी डॉक्टरांना आणि समुपदेशकांना भेटावं. तिथे शिक्षकाचे खेळ पुरे पडत नाहीत.

पालकांना एक विनंती. परीक्षेच्या सकाळी "टेन्शन घेऊ नकोस हं" हे वाक्य आपण किती चढ्या आवाजात म्हणतो, ते एकदा ऐका. हातात घड्याळ, कपाळावर आठ्या, आणि तोंडाने टेन्शन घेऊ नकोस! मुलाला शब्द ऐकू येत नाहीत, आठ्या दिसतात. त्यापेक्षा दहा मिनिटं आधी निघा आणि शाळेपर्यंत त्याच्यासोबत चालत जा. अभ्यासाचा विषय काढू नका. चालता चालता श्वास आपला आपण लांबतो, तुमचाही आणि त्याचाही.

शिक्षकांना सुचवते, की आठवडाभर करून बघा. 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणायची वेळ येईल तेव्हा त्याऐवजी "सगळ्यांनी हात मांडीवर सोडा, चहावर फुंकर घाला" असं म्हणा. पहिल्या दिवशी गोंधळ होईल. दुसऱ्या दिवशी हसतील. नंतर कदाचित असं होईल, की वर्गात थोडा आवाज असेल, पण कोपऱ्यातलं ते खाली बघणारं मूल मान वर करून तुमच्याकडे बघत असेल.

तुमच्या वर्गात काय झालं, ते जरूर कळवा. जमलं नाही तरी कळवा, त्यातूनही आपण शिकूच.